अंतिम सामन्याचा प्रेक्षक

खेळाडूंविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. खेळ शिकविणाऱ्या गुरूंविषयींही अलीकडे बरेंच लिहिलें जातें. परंतु जो मनुष्य स्वतः चेंडूला हात लावीत नाहीं, धांवत नाहीं, घामाघूम होत नाहीं, आणि तरीही सामना संपल्यावर ज्याला रात्रीचें जेवण गोड तरी लागतें किंवा अजिबात जात तरी नाहीं, त्या बिचाऱ्या प्रेक्षकाविषयीं चार शब्द लिहिण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांत असले प्रेक्षक तीन पिढ्यांचे आहेत, आणि आम्हीही त्यांतलेच एक आहों. म्हणून वाचकांची अनुज्ञा गृहीत धरून तें काम आम्हीं आज आपल्याकडे घेतलें आहे.

आमचें घर अंबाजोगाईचें. देवी योगेश्वरीच्या आणि आद्यकवि मुकुंदराजांच्या या गांवांत विंबल्डनचें वेड कोठून शिरलें, असें नवखे पाहुणे विचारतात. त्याचें उत्तर आमचे वडीलबंधु. घरांत त्यांना सारे दादा म्हणतात. पुण्यास शिकत असतां त्यांनीं हा खेळ जवळून पाहिला. रॅकेट त्यांच्या हातीं फारशी कधीं आली नाहीं. पण पंधरा, तीस, चाळीस अशी गुण मोजण्याची ती चमत्कारिक रीत त्यांनीं घरीं आणली, आणि आतां ती आमच्या घरच्या सुनांनाही पाढ्यांसारखी तोंडपाठ आहे. जुलैमधला अंतिम सामन्याचा रविवार आला कीं स्वयंपाक लवकर उरकावा, देवापुढें दिवा लागावा, आणि मग सर्वांनीं बैठकीच्या खोलींत दूरचित्रवाणीपुढें येऊन बसावें, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे.

सन २०१९ मधील जुलैची १४ तारीख आमच्या घरांत कोणी विसरणें शक्य नाहीं. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. त्या एकाच दिवशीं लंडन शहरांत दोन अंतिम सामने चालले होते: विंबल्डनला टेनिसचा, आणि लॉर्ड्सच्या मैदानावर विश्वचषक क्रिकेटचा. घरांत संच एकच. दादांच्या ज्येष्ठत्वामुळें तो टेनिसकडे लागला, आणि तरुण मंडळी कोपऱ्यांत मोबाइलच्या वीतभर पडद्यावर क्रिकेट पाहत बसली. टेनिसमध्यें आमचें सारें घर रॉजर फेडररच्या पक्षाचें. विरुद्ध पक्षाचें, म्हणजे नोव्हाक जोकोविचचें, मत एकच. तें आमच्या तेरा वर्षांच्या पुतण्याचें. तो क्रिकेट सोडून मुद्दाम आमच्यांत येऊन बसला होता.

पांचव्या सेटमध्यें फेडरर आठ-सात असा पुढें, सर्व्हिस त्याचीच, आणि गुण चाळीस-पंधरा. सदतीस वर्षांचा तो खेळाडू विजेतेपदापासून एका गुणावर उभा होता. आणि तो एक गुण मिळविण्याच्या दोन संधि त्याला होत्या. वहिनी साखरेची वाटी हातांत घेऊन उंबऱ्याशीं उभ्या राहिल्या. दोन्ही संधि गेल्या. पुढें बारा-बारा अशी बरोबरी होऊन टायब्रेक झाला. जोकोविच ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जिंकला तेव्हां चार तास सत्तावन्न मिनिटें उलटलीं होतीं. विंबल्डनचा इतका लांबलेला अंतिम सामना पूर्वीं झाला नव्हता. वहिनींनीं वाटी मुकाट्यानें पुन्हां फडताळांत ठेवली. इतक्यांत कोपऱ्यांतून ओरड उठली. तिकडे इंग्लंड आणि न्यूझीलंड या दोघांच्याही २४१ धावा झाल्या होत्या. पुढच्या जादा षटकांतही दोघांच्या पंधरा-पंधराच झाल्या. आणि इंग्लंडनें २६ व न्यूझीलंडनें १७ वेळां चेंडू सीमेपार धाडला होता एवढ्यावरून विश्वचषक इंग्लंडला मिळाला.

दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आंकडे आले. सबंध सामन्यांत फेडररनें २१८ गुण जिंकले होते, जोकोविचनें २०४. म्हणजे ज्यानें अधिक गुण मिळविले तो हरला होता! दादांनीं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते म्हणाले, “एका रात्रींत दोघे हरले, आणि दोघांपैकीं एकही कमी पडला नव्हता.”

त्या वेळीं हें वाक्य आम्हांला केवळ सांत्वनाचें वाटलें. शिवाय तें दुःख झालें तरी परक्याचें. फेडरर स्वित्झर्लंडचा, न्यूझीलंड पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला. अशा दुःखांत थोडी चैनही असते. हरणारा आपल्या गांवचा असला म्हणजे प्रेक्षकाची खरी परीक्षा होते, आणि ती परीक्षा आमच्यापुढें तीन वर्षांनीं आली.

आमच्या बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस आष्टी तालुका आहे. पाऊस कमी, जमीन हलकी. आमच्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं गांव सोडून कारखान्यांकडे जातात. या तालुक्यांतील मांडवा गांवीं एका शेतकरी कुटुंबांत १३ सप्टेंबर १९९४ रोजीं अविनाश साबळे याचा जन्म झाला. गांवांतून शाळेंत जाण्यास वाहन नव्हतें. सहा किलोमीटरांची ती वाट तो कधीं चालून, कधीं धांवून काटीत असे. बारावीनंतर तो सैन्यांत महार रेजिमेंटमध्यें दाखल झाला. सियाचेनचा बर्फ, राजस्थानची वाळू आणि सिक्कीमचे डोंगर अशा ठिकाणीं त्यानें नोकरी केली, आणि सन २०१५ नंतर तो धांवण्याच्या स्पर्धांकडे वळला.

त्यानें पत्करलेली शर्यत म्हणजे तीन हजार मीटरांची स्टीपलचेस. हें नांव पूर्वींच्या घोडेस्वारांनीं एका गांवच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गांवच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेंतलीं कुंपणें आणि ओढे ओलांडीत, दौड करावी, त्या खेळावरून पडलें आहे. आजच्या शर्यतींत धांवपट्टीच्या सुमारें साडेसात फेऱ्या असतात. वाटेंत तीन फूट उंचीचे अडथळे अठ्ठावीस वेळां ओलांडावयाचे, आणि शिवाय सात वेळां अडथळ्यापलीकडील सुमारें बारा फूट लांबीच्या पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावयाची. हे अडथळे जड लाकडी तुळईचे असतात; पाय लागला तर अडथळा पडत नाहीं, माणूस पडतो. ओल्या बुटांनीं पुन्हां वेग धरावा लागतो. घरांतल्या मंडळींना हा खेळ समजावून देतांना आम्हीं ‘भरल्या ओढ्याच्या वाटेनें शाळा गांठणें’ असें त्याचें वर्णन केलें, आणि तें सर्वांना ताबडतोब पटलें.

या शर्यतींत गोपाळ सैनी यांनीं सन १९८१ मध्यें नोंदविलेला ८ मिनिटें ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक सदतीस वर्षें अबाधित होता. सन २०१८ मध्यें भुवनेश्वर येथें साबळे यानें तो सुमारें एका सेकंदानें मोडला, आणि मग स्वतःचाच उच्चांक तो पुनःपुन्हां मोडीत गेला. सन २०१९ मध्यें दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरींत इतरांच्या धक्क्यानें त्याची गति तुटली. भारतीय पथकानें दाद मागितल्यावर त्याला अंतिम शर्यतींत प्रवेश मिळाला, आणि तींत तो तेरावा आला. सन २०२१ मध्यें टोकियो ऑलिंपिकला प्राथमिक फेरींत त्यानें ८ मिनिटें १८.१२ सेकंद असा नवा राष्ट्रीय उच्चांक केला. तथापि त्या फेरींत सातवा आल्यामुळें तो अंतिम शर्यतीला मुकला. खरें सांगावयाचें तर या दोन्ही वेळीं आमच्या घरांत कोणी जागें राहिलें नाहीं. तेरावा आणि सातवा हे आंकडे वर्तमानपत्रांत वाचून आम्हीं पान उलटलें.

पुढें ६ ऑगस्ट २०२२, शनिवार. बर्मिंगहॅम येथें राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांची अंतिम शर्यत. या शर्यतीवर केनियाची सत्ता किती होती तें सांगितल्यावांचून त्या दुपारचा अर्थ ध्यानांत यावयाचा नाहीं. राष्ट्रकुल स्पर्धांत सन १९९८ पासून सन २०१८ पर्यंत प्रत्येक खेपेस तिन्ही पदकें केनियाच्याच धांवपटूंनीं नेलीं होतीं. ऑलिंपिकमध्यें सन १९६८ पासून सन २०१६ पर्यंत केनिया ज्या ज्या वेळीं उतरला, त्या त्या वेळीं सुवर्णपदक त्याचेंच. अशा मंडळींत आमच्या आष्टी तालुक्याचा मुलगा शेवटच्या फेरींत एकेकाला मागें टाकीत पुढें आला. शेवटच्या सरळ पट्टींत त्याच्यापुढें एकटा अब्राहम किबिवोत उरला. खोलींतले सगळे उभे राहिले होते; गुडघेदुखीमुळें भिंतीला धरून उठणाऱ्या आमच्या काकूसुद्धां. किबिवोतला लागलीं ८ मिनिटें ११.१५ सेकंद, आणि अविनाशला ८ मिनिटें ११.२०.

सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यांतले पांच. सरासरी वेगानें हिशेब केला तर हें अंतर एक फूटभर होतें. तीन हजार मीटर धांवल्यावर एक फूट! आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “अरेरे” हाच. त्याला रौप्यपदक मिळालें होतें; चोवीस वर्षें केनियाबाहेर न गेलेलें पदक बीड जिल्ह्याकडे येत होतें; राष्ट्रीय उच्चांक नवव्यांदा मोडला होता; आणि आम्ही खुर्चींत बसून म्हणत होतों, “अरेरे!” आमच्या आयुष्यांतील अनेक उद्गारांची आम्हांला लाज वाटते, त्यांत या एकाची भर पडली.

तें उट्टें निघालें १ ऑक्टोबर २०२३ रोजीं. चीनमधील हांगझौ येथें आशियाई स्पर्धांत अविनाशनें सुवर्णपदक जिंकलें. या शर्यतींत पुरुषांमध्यें भारताला आशियाई स्पर्धांचें सुवर्ण तेव्हां प्रथमच लाभलें. लागलेला वेळ ८ मिनिटें १९.५० सेकंद, आणि तोही त्या स्पर्धांचा उच्चांक. तो इतका पुढें होता कीं शेवटीं त्याला मागें वळून पाहण्यास सवड मिळाली. त्या संध्याकाळीं वहिनींची साखरेची वाटी अखेर घरभर फिरली, आणि शेजारींही गेली.

आतां पॅरिसच्या रात्रीकडे येतों. हा लेख लिहिण्याचें कारण ती रात्र होय.

सन २०२४ च्या जून महिन्यांत आमच्या घरावर एक सावट पडलें होतें. जोकोविचचा तो एकुलता एक पाठीराखा, आमचा पुतण्या, दोन वर्षें लातूरला खोली घेऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत होता. निकाल लागला. गुण वाईट नव्हते, परंतु जागा मिळण्याइतके ते नव्हते. घरांत त्याला कोणी रागें भरलें नाहीं. सुशिक्षित घरांत रागें भरत नाहींत. तेथें केवळ विचारतात. निकालाच्या दिवशीं त्यानें दूरध्वनि केला तेव्हां “क्रमांक कितवा?” हा पहिला प्रश्न आम्हीच विचारला होता. त्यानंतर कोणाच्या मुलाला कोठें जागा मिळाली याचीं बोलणीं जेवणाच्या पंक्तींत होत राहिलीं, आणि मुलगा पंक्तीला उशिरां येऊं लागला.

अशा स्थितींत ऑलिंपिक आलें. ५ ऑगस्टच्या प्राथमिक फेरींत अविनाश पांचवा आला आणि अंतिम शर्यतीस पात्र ठरला. या शर्यतींत भारतीय पुरुषाला हा मान पूर्वीं कधीं मिळाला नव्हता. स्त्रियांमध्यें तो मान ललिता बाबर हिनें सन २०१६ मध्यें रिओ येथें मिळविला होता आणि ती दहावी आली होती. तीही आपल्या माण तालुक्याची, दुष्काळी मुलखांतलीच. अंतिम शर्यत पॅरिसला ७ तारखेच्या रात्रीं. आमच्याकडे ८ तारीख उजाडून एक वाजून गेला होता. जागे होतों दादा, वहिनी, आम्ही, आणि कोणी न बोलावतां जिन्यावरून उतरून आलेला पुतण्या.

शर्यत फार वेगवान झाली. पुढचा घोळका हळूहळू दूर गेला आणि आमचा माणूस मागें राहिला. शेवटच्या फेरींत इथिओपियाचा लामेचा गिर्मा अडथळ्याला अडखळून असा पडला कीं त्याला उचलून न्यावें लागलें. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली ८ मिनिटें ६.०५ सेकंदांत पहिला, अमेरिकेचा केनेथ रूक्स दुसरा, आणि तिसरा तोच किबिवोत, बर्मिंगहॅमला फूटभर पुढें राहिलेला. अविनाश साबळे अकरावा: ८ मिनिटें १४.१८ सेकंद.

दादा उठूं लागले. “संपलें,” ते म्हणाले. “अकरावा.”

पुतण्या जागचा हलला नाहीं. त्यानें विचारलें, “काका, हांगझौला किती लागले होते?”

“आठ मिनिटें साडेएकोणीस सेकंद.”

“आणि आज आठ चौदा. म्हणजे सुवर्णपदक घेतलें त्या दिवसापेक्षां आज तो पांच सेकंदांहून अधिक लवकर पोंचला.” त्यानें मनांत गुणाकार केला असावा. “त्या दिवशींचा अविनाश आज याच्याबरोबर धांवला असता, तर तीस मीटर मागें राहिला असता.”

दादा पुन्हां बसले. हिशेब बरोबर होता. सुवर्णपदकाची साखर आम्हीं ज्या धांवेसाठीं वाटली होती, तिच्याहून सरस धांव आमच्या डोळ्यांदेखत आतां झाली होती, आणि आम्ही दिवा मालवावयास निघालों होतों.

येथें कोणी म्हणेल कीं हा केवळ मनाची समजूत घालण्याचा प्रकार आहे. दादांनींही त्याच रात्रीं तो आक्षेप घेतला. शर्यत घड्याळाशीं नसते, माणसांशीं असते. हांगझौला त्याला गांठणारें कोणी नव्हतें, म्हणून त्यानें लागेल तितकेंच धांवून सुवर्ण घेतलें, यांत कांहीं उणें नाहीं. आणि पॅरिसला दहाजण त्याच्याहून सरस होते, हेंही तितकेंच खरें. त्याच महिनाभर आधीं, ७ जुलैला, पॅरिसमध्येंच दुसऱ्या एका स्पर्धेंत तो ८ मिनिटें ९.९१ सेकंदांत धांवला होता. ती धांव ऑलिंपिकच्या रात्रीं साधली असती तर क्रमांक वर गेला असता. हें सर्व आम्हांला मान्य आहे. पदक तें पदकच. तें तुच्छ मानणें म्हणजे आंबट द्राक्षांची गोष्ट होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं क्रमांक ही शर्यतीची अर्धी हकीकत आहे, आणि आम्ही प्रेक्षक तीच सगळी समजून झोंपावयास जातों.

याला आमचें टेनिसही कांहीं अंशीं कारण असावें, असें आतां वाटतें. टेनिसच्या अंतिम सामन्यांत दोघेच असतात. एक जिंकतो आणि दुसरा हरतो. तेथें अकरावा नसतो. तेथें घड्याळ फक्त किती वेळ गेला तें सांगतें, कोण किती वाढला तें सांगत नाहीं. इतकीं वर्षें तो खेळ पाहून आम्हांला जगांतली प्रत्येक गोष्ट अंतिम सामन्यासारखी दिसूं लागली होती. वस्तुतः दादांनीं सन २०१९ च्या त्या रात्रीनंतर जें वाक्य उच्चारलें होतें, त्यांत हें सारें आलें होतें. पण तें आम्हीं फेडररपुरतेंच ठेवलें, घरांतल्या मुलापर्यंत पोंचूं दिलें नाहीं. सन २०१८ चे जवळजवळ ८ मिनिटें ३० सेकंद आणि सन २०२४ चे ८ मिनिटें ९.९१ सेकंद, म्हणजे सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद! हे वीस सेकंद कोणत्याही एका अंतिम सामन्यांत दिसत नाहींत. ते पाहावयाचे तर तेराव्या आणि सातव्या क्रमांकाच्या दिवशींही पान न उलटतां वाचावें लागतें.

त्या रात्रीं वहिनी अजून उंबऱ्याशींच होत्या. त्यांनीं हळूच विचारलें, “साखर द्यायची का?”

दादांनीं कांहीं न बोलतां हात पुढें केला. मग आम्हीं केला. पुतण्यानें सर्वांत शेवटीं केला, आणि पहांटेपर्यंत तो आमच्याशीं बोलत बसला. त्याला पुन्हां परीक्षेस बसावयाचें नव्हतें. तें सांगण्याचें धैर्य त्याला दोन महिने होत नव्हतें. आतां तो छत्रपति संभाजीनगरास जीवशास्त्र शिकत आहे. त्याचा निकाल लागला म्हणजे आम्ही “क्रमांक कितवा?” असें विचारीत नाहीं, “मागच्या खेपेपेक्षां कसें?” असें विचारतों. जुनी संवय आहे, जिभेवर पहिला प्रश्न अजूनही येतो. तो गिळावा लागतो.

अविनाशची पुढची हकीकत वाचकांस ठाऊक असेल. सन २०२५ च्या मे महिन्यांत दक्षिण कोरियांतील गुमी येथें तो आशियाई विजेता झाला, आणि जुलैमध्यें मोनॅको येथील शर्यतींत त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली; त्यामुळें त्या वर्षींच्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. ती बातमी आली त्या दिवशीं आमच्या घरांत कोणीही पान उलटलें नाहीं. पुढें तो धांवेल त्या वेळीं कितवा येईल, हें आम्हांला सांगतां येत नाहीं. प्राथमिक फेरी असो कीं अंतिम शर्यत असो, रात्रीचा कितीही वाजला असो, आमच्या बैठकीच्या खोलींत दिवा जळत असेल, एवढें मात्र निश्चित.